थेंब कोणी टाकायचे?

तेलगावच्या चौकात सुकन्या डोंगरेचं नेत्रतपासणी केंद्र होतं. चार वर्षांचं शिक्षण, वर्षभराचा दवाखान्यातला अनुभव, पण गावाच्या लेखी ती ‘चष्म्याची ताई’. बुबुळापासून पडद्यापर्यंत सगळं तपासायची तिला मुभा होती. औषध लिहून द्यायची मात्र नव्हती.

त्या दुपारी गहिनीनाथ आपल्या आईला, बायनाबाईला, धरून घेऊन आला. म्हातारी शेळ्यांमागं रानात फिरणारी, काटक. आज मात्र कपाळ दाबून कण्हत होती. पायरीवरच तिला उलटी झाली.

“सकाळपासून डोकं फुटायलंय म्हणती,” गहिनीनाथ म्हणाला. “पित्त आसंल म्हणून गोळी देली. आता म्हणती, डाव्या डोळ्यानं दिसंना.”

डावा डोळा लालभडक. बाहुली फाकून तशीच थिजलेली. सुकन्यानं डोळ्यातला दाब मोजला. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. काचबिंदूचा झटका. असाच दाब राहिला तर डोळ्याची नस मरते, आणि मेलेली नस परत येत नाही.

दाब उतरवणारे थेंब समोरच्या आसारामच्या मेडिकलात होते. तो दारातूनच म्हणाला, “ताई, तुमी नुस्तं नाव सांगा. मी देतो.”

“मला सांगता येत नाही, आसारामभाऊ.”

“मंग कुणाला येतंय?” गहिनीनाथ उसळला. “औषध समोर हाय, तुमाला कळतंय, अन् मायचा डोळा चाललाय. कावून थांबलाव?”

तिनं बीडच्या नेत्रतज्ज्ञ वनमाला जगतापांना फोन लावला. मॅडम शस्त्रक्रियेत होत्या. “बाहेर आल्या की सांगते,” नर्स म्हणाली. बायनाबाईनं चाचपडत सुकन्याचा हात धरला. “पोरी, काय तरी टाक गं डोळ्यात. सहन व्हईना.” सुकन्याची नजर मेडिकलकडं गेली. दोन थेंब. कोण विचारणार होतं? नाव अगदी जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि गावातल्या हरिओमची भाड्याची जीप बोलावली.

तिघांना घेऊन जीप बीडकडं निघाली. खड्डा आला की म्हातारी किंचाळायची. गहिनीनाथ सुकन्याकडं पाठ करून बसला होता. मधे फोनला रेंजच नव्हती. वडवणी जवळ आली तेव्हा तो वाजला.

“दाब सांग,” वनमाला मॅडम म्हणाल्या. सुकन्यानं आकडा सांगितला. “बरं. दमा आहे का त्यांना?”

 हे सुकन्यानं विचारलंच नव्हतं. ती गहिनीनाथकडं वळली.

“हाय की, लई दिवसांपसून,” तो म्हणाला. “रोज पंप वढती.”

“मग नेहमीचे ते थेंब अजिबात नकोत. श्वास कोंडेल. दुसरे लिहून पाठवते, वडवणीत घे, टाक आणि निघा.”

नेहमीचे ते थेंब म्हणजे तिच्या जिभेवर आलेलं तेच नाव.  वडवणीत मॅडमची चिठ्ठी फोनवर आली, औषध मिळालं. सुकन्यानं बाटलीवरचं नाव दोनदा वाचलं आणि मगच थेंब टाकले.

बीडला पोचेपर्यंत दाब थोडा उतरला होता. डोळा वाचला, पण पुरता नाही. कडेचं दिसणं गेलं ते गेलंच. उजव्या डोळ्यावरही असा झटका येऊ नये म्हणून लेझर करून घेतलं. बायनाबाई पुन्हा रानात जायला लागली, पण डाव्या अंगाची शेळी तिला दिसायची नाही.

“तवाच थेंब टाकलं आसतं तर?” गहिनीनाथनं नंतर एकदा विचारलं. रागानं नव्हे.

“मला ठाऊक होते ते टाकले असते, तर मायचा जीव गेला असता कदाचित. आणि बरोबरचे टाकता आले असते, तर डोळा जास्त राहिला असता. दोन्ही खरं आहे.”

पुढं बीडला तिच्या व्यवसायातल्या लोकांची बैठक झाली. तातडीच्या वेळी औषध देण्याचा अधिकार कायद्यानं मिळावा, असा ठराव होता. सगळे हात वर झाले. सुकन्याचाही. पण तिनं उभं राहून एक ओळ वाढवायला लावली: आधी औषधांचं शिक्षण आणि परीक्षा, मग अधिकार. मागून कोणीतरी कुरकुरलं, “आपणच आपल्या पायात खोडा घालायचा का?” तिनं बायनाबाईची हकीकत सांगितली, दम्याचं विचारायचं राहिलं होतं तेही सांगितलं. ओळ ठरावात राहिली.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. दर गुरुवारी केंद्राला कुलूप लावून ती बीडची एसटी धरते आणि वनमाला मॅडमच्या शेजारी बसून कोणतं औषध कोणाला चालत नाही ते शिकते.