पेंटरची जमिनीला टेकलेली गाडी

गाड्या रंगवणाऱ्या पेंटरने स्वतःची गाडी इतकी खाली बसवली होती, की टायर आणि पत्र्यामध्ये करंगळी शिरत नसे. एकटा असला की गतिरोधक तिरका घेऊन अलगद पार करायचा आणि ऐटीत म्हणायचा, "काही अडत नाही."

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला दवाखान्यातून घरी आणायची वेळ आली. धक्का लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. गाडी हलकी व्हावी म्हणून पठ्ठ्याने जादा चाक काढलं, हत्यारांची पेटी काढली, बायकोलाही बसने पाठवलं. तरी पहिल्याच खड्ड्यात टायर पत्र्याला कर्रकन घासला. आईने गुडघा घट्ट धरला.

"तुझा बाप सायकलवरून न्यायचा, तेव्हासुद्धा असा दणका बसला नव्हता."

"आई, वजनामुळे होतं ते."

"म्हणजे मीच जड झाले होय रे?"

पुढे अजून सहा गतिरोधक होते. त्याने गाडी कडेला लावली, टॅक्सी थांबवली आणि आईला सांभाळून तिच्यात बसवलं.

दुसऱ्याच दिवशी त्याने गाडी चार बोटं वर घेतली. मित्रांनी खिजवलं तेव्हा म्हणाला, "स्प्रिंगा गेल्या होत्या." टाके काढायला जाताना आई मागच्या सीटवर चक्क घोरत होती.