पान क्रमांक माझेच होते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पोलीस खात्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली, पण तो तपास अजून आठवतो.

इंदापूरजवळ विजेच्या डीपीतलं तांबं चोरीला गेलं. खबऱ्यानं सणसरच्या एका इलेक्ट्रिशियनचं नाव दिलं. अटक केली, पोलीस कोठडी मिळाली. चौकशीत त्याचं एकच म्हणणं : "सायेब, त्या येळी मी कऱ्हाटीत विहिरीवर कॅमेरा लावून बघत व्हतो. शिडी धरणाऱ्याचं नाव ठावं न्हाय, पर फोटूत त्यो हाय."

कॅमेरा त्यानं स्वतः जुळवलेला; चाचणी घेऊन परत आणलेला, तो त्याच्या घरीच मिळाला. त्यात फोटो चित्र म्हणून नव्हे, आकडे आणि ए ते एफ अक्षरांचा मजकूर म्हणून साठायचा. संगणकावर त्या मजकुराची चित्राची फाइल केली की फोटो उघडतो, असं तो सांगे. पंचांसमोर संगणकावर मजकुराची प्रत काढून मी कॅमेरा सीलबंद केला. "पान क्रमांकाशिवाय काही पुढं जाणार नाही," असं ठाण्याची कागदपत्रं लिहिणाऱ्या रायटरला बजावलं. त्यानं प्रतीत पानागणिक आकडा टाइप केला.

संगणकावरच्या महिला शिपायानं त्या प्रतीची चित्रफाइल केली. वर आभाळाची पट्टी, खाली सगळं करडं.

"हा तुझा साक्षीदार? आभाळ?" मी म्हणालो. ठाण्यात हशा पिकला.

त्याचे वडील रोज बाहेर बसून असत. "सायेब, सोमवारी त्याला नव्या नोकरीवर हजर व्हायचंय. शेवटची तारीख हाय."

"आबा, कायद्याला सोमवार नसतो."

सोमवारी संध्याकाळी ती शिपाई आत आली, दार लोटलं. "साहेब, हे आकडे त्याचे न्हाईत. आपले हायत. दोन-दोन अक्षरांच्या जोड्या असतात. आपला एक आकडा घुसला की पुढच्या सगळ्या सरकतात."

तिनं पान क्रमांक पुसले. चित्र पूर्ण उघडलं : शिडीवर तो, खाली फेटेवाला म्हातारा, कोपऱ्यात तारीख-वेळ. म्हातारा दुसऱ्या दिवशी कऱ्हाटीत तासाभरात सापडला. "व्हय, म्याच धरली व्हती की," तो म्हणाला. पहिल्याच दिवशी एक माणूस तिकडं पाठवला असता तर?

इलेक्ट्रिशियन सुटला. त्याच्या नव्या नोकरीच्या कार्यालयानं उशिराचं कारण विचारलं, तेव्हा मी लेखी कळवलं : 'आरोपीच्या उपकरणातील दोष.' त्या महिला शिपायाला म्हणालो, "हे इथंच राहू दे." इलेक्ट्रिशियनची नेमणूक रद्द झाली.

खोटं बोलणारा रोज नवा तपशील आणतो. हा रोज तेच वाक्य सांगत होता. अनुभवानं मला ते कळत होतं. तरी मी कागद धरून बसलो.

दोष उपकरणात नव्हता, माझ्या हुकमात होता. हे त्याच्यासमोर सांगणं आणि माझ्या सहीनं लिहून देणं अजून बाकी आहे.