एका सीलाचं तोंड पाण्याकडं

वल्हं मारून मारून मावशीचा खांदा गेला, तसा तिच्या लेकानं हट्टच धरला. धरणाकाठी एकटीनं राहायचं न्हाई, माझ्याकडं पुण्याला चल. मावशी मासे धरणारी बाई, फ्लॅटमध्ये काय धरणार? तिनं त्याला एवढंच सांगितलं, की तुझ्या बापाचं इंजिन चालू झालं तर मी हितंच राहीन. आणि ते धूड वसमतला माझ्या दुकानात आणून टाकलं.

होडीच्या मागं लटकवायचं ते जुनं इंजिन, मावसा गेल्यापासून पोत्यात पडलेलं. माझं दुकान हळद पॉलिशच्या मशिनींचं न् विहिरीच्या मोटरींचं. म्हटलं, यात काय मोठं! पिस्टन चांगला निघाला. पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या दांड्यावरची दोन रबरी सीलं मात्र पार दगड झालेली. ती ठोकून, तुकडे करून काढली, त्याच मापाची नवी नांदेडहून आणून बसवली. मावशी स्टुलावर बसून "हळू रे बापा" म्हणायची आणि माझं डोकं तापायचं.

पाण्यानं भरलेल्या ड्रममध्ये इंजिन सोडलं. चालू झालं न् असं बोंबललं, की अख्खी गल्ली जमा झाली. मी राजासारखा हात पुसत तेलाचा स्क्रू खोलला, तर तेल दुधाच्या चहासारखं बाहेर आलं. आत पाणी शिरलं होतं. मी सीलवाल्याला शिव्या घातल्या, इंजिनाला घातल्या, बिचाऱ्या मावशालाही सोडलं न्हाई.

"होत नसंल तर तसं सांग," मावशी म्हणाली. "मी कपडे भरून ठेवते."

ती गावाकडं गेली आणि मी पुन्हा सगळं खोलून बसलो.

सीलाला एका अंगानं ओठ असतो. ज्याला अडवायचं, त्याच्याकडं तो करायचा. मी दोन्हींचे ओठ आत, तेलाकडं केले होते. आमच्या मशिनींत तसंच असतंय, तेल बाहेर जाऊ नये एवढीच काळजी. मग माझं मलाच हसू फुटलं. जन्मभर आमी पाणी ओढतच आलो, विहिरीतून, बोअरमधून. पाणी आत येऊ द्यायचं न्हाई, हे आमच्याकडं कुणाला सुचणार? सीलं पाठीला पाठ लावून हवी होती, एकाचं तोंड तेलाकडं, दुसऱ्याचं पाण्याकडं. पुन्हा नवी आणली आणि तशी बसवली.

इंजिन घेऊन धरणावर गेलो, तर मावसभाऊ न्यायला आलेला. उंबऱ्याजवळ मावशीची पिशवी खरंच भरून ठेवलेली. मी इंजिन होडीला कसलं. मावशीनं लेकाला म्हटलं, बस आत. डाव्या हातानं दोरी ओढली आणि निघाली. मी काठावर जीव मुठीत धरून उभा.

पलीकडच्या काठाला पुण्याच्या गाडीचा रस्ता लागतो. तिनं लेकाला तिथं उतरवलं, पोचल्यावर फोन कर म्हणाली, आणि एकटीच परत आली.

ती उतरायच्या आत मी स्क्रू खोलला. तेल घातलं तसंच होतं.

"आलं का पाणी?"

"थेंबसुदिक न्हाई, मावशी."

"मग ती पिशवी आत नेऊन ठेव," ती म्हणाली आणि जाळं उचलायला वाकली.