वालूरचा कलमतराश

सगळ्यात आधी गंगूआत्यांचं नाव घेतो. परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या गंगूआत्या. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, आपलं खाडीकाठचं गाव त्यांनी कधी पाहिलेलं नाही, आणि आमची ओळख म्हणाल तर एका लग्नापुरती. पण त्या नसत्या तर मी वालूरहून धड परत आलो असतो की नाही, शंकाच आहे. त्यांनी काय केलं ते पुढे येईलच. नाव आधी, कारण मला विसरायची भीती वाटते. मला बहुतेक सगळ्याचीच भीती वाटते, हे गावात कुणाला नव्याने सांगायला नको.

तुम्हाला एवढं माहीत आहे, की आठवीत शाळा सुटल्यावर मी मच्छीमार मचव्यावर गेलो, आणि आता गंगाखेडला साखर कारखान्यात वेल्डरच्या हाताखाली आहे. समुद्र इथून इतका लांब, की धुतलेला सदरा तासाभरात पापडासारखा कडक होतो. माहीत नाही ते हे, की मी जुने घडीचे चाकू गोळा करतो.

हसू नका. जुना चाकू हातात आला की लगेच उघडायचा नसतो. आधी वजन घ्यायचं. मग मुठीवरून अंगठा फिरवायचा. ज्याच्या खिशात तो वर्षानुवर्षं राहिला, त्याचा अंगठा जिथे टेकायचा तिथे बारीकसा खळगा पडलेला असतो, आणि आपला अंगठा बरोबर तिथे जाऊन बसतो. कोण होता, काय कापायचा, कुणाला माहीत. मग पात्यावरच्या खाचेत नख घालायचं आणि हळू ओढायचं. चांगलं पातं अर्ध्यावर जरा थांबतं, आणि मग ‘टक्’. त्या आवाजासाठी मी आठवडी बाजारात भंगारवाल्यांच्या पोत्यांपुढे उन्हात उकिडवा बसतो. माझ्याकडे एक पेरूच्या बागेतला आहे, एक न्हाव्याकडचा, आणि एकाचं पातं धार लावून लावून इतकं झिजलंय की काडीएवढं उरलंय. सगळे खोलीवर पत्र्याच्या पेटीत तेल लावून ठेवतो.

खिशात मात्र एकच असतो. पितळी मुठीचा, खारं पाणी लागून पात्यावर टिपके पडलेला. आपल्या मचव्यावरच्या तांडेलानं (नावेच्या प्रमुखानं) मी पहिल्यांदा जाळं न फाडता सोडवलं तेव्हा दिला होता. तांडेल आता नाही. गावाकडचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच आहे.

कारखान्यातला लेथवाला दिगंबर मूळचा वालूरचा. तो एकदा जेवताना म्हणाला, “आमच्या अप्पांच्या घरी एक कलमतराश हाय. निजामाच्या वक्ताचा. तू बगशील तर येडा होशील.” कलमतराश म्हणजे बोरू तासायचा चाकू. मला त्या आठवड्यात झोप धड लागली नाही. सुट्टी मिळाली तशी निघालो.

गंगाखेडहून परभणी, तिथून दुसऱ्या गाडीने सेलू. परभणीच्या स्टेशनात पिशव्या तपासत होते. माझी पाळी आली तेव्हा मी चाकू आधीच काढून पुढे धरला होता.

“हे काय हाय?” पोलिसाने विचारलं.

“जाळं कापायचा चाकू, साहेब.”

“हितं कुठं समुद्र सापडला तुला?”

मागची बाई पदर तोंडाला लावून हसली. त्याने तो उघडला, मिटला, परत दिला. “जा. मासं घावलं तर आमाला बी आन.” सेलूपर्यंत मी दर थोड्या वेळाने खिसा चाचपत होतो.

सेलूला काळीपिवळी जीप मिळाली. चारजणांच्या जागेत सात, मी एका आजोबांच्या मांडीवर निम्मा. दोन्ही बाजूंना काळी रानं, ज्वारी पोटरीत आलेली, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) वाऱ्यात खडखडत होत्या. आपल्याकडे नजर कुठेतरी डोंगराला अडते. इथे अडतच नाही, त्यामुळे मला उगाच उघड्यावर आल्यासारखं वाटत राहतं.

वालूरला अप्पांच्या दारात मांडव पाहून परत फिरावंसं वाटलं. दिगंबरने लग्नाचं काही सांगितलंच नव्हतं. पण लग्नघरात येईल तो पाहुणा. कुणीतरी हातात सुशीलाची (भिजवलेल्या चुरमुऱ्यांच्या उपम्याची) बशी ठेवली. शेंगदाणे, कोथिंबीर, आणि मिरची अशी की डोळ्यांत पाणी. तेवढ्यात विश्वनाथअप्पाच समोर आले, पांढरं धोतर, कपाळावर भस्म.

“शरणार्थ!” (हा यांचा रामराम.) “कोन गावचे पाव्हणे? लग्नाला आलाव ना?”

“गंगाखेडहून. दिगंबरने सांगितलं… मी चाकू बघायला आलो होतो.”

अप्पा मांडवाकडे वळून ओरडले, “ऐका ओ! लोकं नवरी बगायला येतेत, हे चाकू बगायला आलेत!”

सगळा मांडव हसला. मी पण हसलो, भीतीने. पण माणूस खूश झाला होता. मी रिवाजाप्रमाणे आधी माझा पितळी चाकू काढून दाखवला. दुसऱ्याचा बघायचा तर आपला आधी पुढे करावा, असं मी मानतो. अप्पांनी तो उलटसुलट पाहिला. बाजूला बसून हळद कालवणारी एक उंच, किडकिडीत बाईही मान वाकडी करून पाहत होती. त्याच गंगूआत्या, अप्पांची थोरली बहीण.

“आता आमचा बगा,” म्हणून अप्पांनी पितळी ताट पुढे केलं. कुंकू, लिंबू, आणि मधे कलमतराश.

काळ्या शिंगाची मूठ, बोटाएवढी बारीक, तिच्यात चांदीच्या तारेची वेल. अप्पांचे आजोबा निजामाच्या अमलात मुन्शी होते, त्यांचा. “आमच्या घरचे समदे नवरदेव ह्याच लोखंडावर उभे ऱ्हायले,” अप्पा म्हणाले. आपल्याकडे नवऱ्याच्या हातात कट्यार देतात, तसंच इथे. हळद लागली की लोखंड हातात द्यायचं, टोकाला लिंबू टोचायचं, आणि हळद उतरेपर्यंत ते त्याच्यापासून दूर करायचं नाही. पाटावर अप्पांचा मुलगा वैजनाथ हळदीची वाट बघत बसला होता. म्हणजे मी अगदी वेळेवर आलो होतो.

“उघडा की! नाहीतरी लिंबू टोचायचंय.”

पातं मुठीला गंजाने धरलेलं दिसत होतं. अशा चाकूला तेल सोडून रात्रभर ठेवायचं असतं. मी तसं म्हणालोही, पण पुटपुटल्यासारखं. अप्पा “वडा ओ, वडा” म्हणत होते, चारचौघे वाकून बघत होते. मी नख घातलं. पातं अर्ध्यावर आलं, थांबलं, आणि मी ज्या आवाजाची वाट बघत होतो त्याऐवजी कटकन भलताच आवाज झाला. बिजागरीची खिळी तुटली. पातं माझ्या एका हातात, मूठ दुसऱ्या हातात.

बायकांचं गाणं बंद पडलं.

“नवरदेवाचं लोखंड मोडलं,” मागून कुणीतरी हळूच म्हणालं. मग जोरात, “कोन हाय ह्यो? कुनाचा पाव्हणा हाय?”

अप्पांचा चेहरा पडला होता. वैजनाथ माझ्याकडे बघत नव्हता, त्या पात्याकडे बघत होता. दोघेजण उठून माझ्याकडे आले, तेवढ्यात हळदीचे हात तसेच घेऊन गंगूआत्या मधे उभ्या राहिल्या.

“माजा पाव्हणा हाय. काय म्हननं हाय?”

“आत्या, अपशकुन…” त्यातला एक म्हणाला.

“कशाचा अपशकुन? आज्जाच्या वक्ताचं लोखंड, थकलं, बसलं खाली. तुजा बा थकला तवा अपशकुन म्हनला हुतास का? आन् बग, जुनं बसायच्या आत नवीन चालत दारात आलं. गंगंच्या काठाहून आलंय.” (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात.) मग माझ्याकडे वळून, “पाव्हणं, तुमचं ते पितळंचं द्या.”

मी पुढे केला तर त्यांनी हात मागे घेतला. “हातात न्हाई. खाली ठिवा.” लोखंड हातातून हातात दिलं की भांडण होतं म्हणे. मी जमिनीवर ठेवला, त्यांनी उचलला, कुंकू लावलं, आणि त्या टिपक्यांच्या पात्यावर कचकन लिंबू टोचलं. वैजनाथला हळद लागली, तांडेलाचा चाकू त्याच्या मुठीत गेला. गाणं पुन्हा सुरू झालं.

मी खांबाला टेकून बसलो. जीव वाचला याचा आनंद होता, आणि लिंबाचा रस पात्यावरून ओघळत बिजागरीकडे चालला होता तेही दिसत होतं. जुन्या पोलादाला लिंबू म्हणजे विष. चाकू सोडून निघून जाणं मला जमेना. मी मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड टेम्पोतून पाथरीला निघालं, नवरीकडे. कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही, पण माझ्या शेजारची जागा रिकामी राहत होती. मी वैजनाथच्या हातावर नजर ठेवून होतो. त्याने एकदा चाकूने पाठ खाजवली तेव्हा अर्धा उठलो.

“बसा ओ,” आत्या म्हणाल्या. “नवरीपेक्षा तुमचीच नजर जास्त हाय त्येच्यावर.”

पाथरीच्या मांडवात अक्षता वाटून झाल्या आणि एक अडचण निघाली. हार धरायचा तर नवऱ्याला दोन्ही हात लागतात. तेवढ्यापुरतं लोखंड मागे उभा राहणारा मामा धरतो. वैजनाथला सख्खा मामा नव्हता. कोण उभं राहणार? कुजबुज झाली, आणि त्या कुजबुजीत कालचं मोडलेलं लोखंड पुन्हा निघालं. नवरीकडच्यांनी कान टवकारले. अप्पा घाम पुसू लागले.

“ज्येचं लोखंड त्यो उभा ऱ्हाईल,” आत्या मोठ्याने म्हणाल्या, आणि माझा दंड धरून मला पुढे ढकललं. “ह्यो मामा. लांबून आलाय भाच्यासाठी.”

“आत्या, मी… मला काही येत नाही यातलं.”

“उभं ऱ्हायला येतंय ना? आन् लिंबू पुसू नगा, मी बगायलेय तुमच्याकडं.”

त्या मांडवात माझ्या बाजूच्या त्या एकट्याच. वैजनाथने चाकू पाटावर ठेवला, मी उचलला. पितळ त्याच्या हाताने ऊन झालं होतं. मुठीत लिंबाचा चिकटा. मी माझ्याच चाकूचं टोक वर धरून एका अनोळखी पोराच्या मागे उभा होतो आणि माझ्या डोक्यावर अक्षता पडत होत्या. बाहीने तो रस पुसावा म्हणून बोटं शिवशिवत होती. पुसला नाही. मंगलाष्टकं संपली, वैजनाथ मागे वळला आणि म्हणाला, “मामा, द्या.” चुकून नव्हे, सरळ म्हणाला. मी खाली ठेवला. त्यानंतर मला कुणी कुणाचा पाहुणा म्हणून विचारलं नाही. पंगतीत तर चार ठिकाणांहून “मामांना बुंदी वाढा” असा आग्रह झाला, आणि वांग्याची भाजी इतकी, की पट्टा सैल करावा लागला.

पण माझी सोनपेठमार्गे गंगाखेडची एसटी होती, सकाळी पहिली पाळी होती. मी आत्यांना गाठलं.

“आत्या, माझा चाकू…”

“हळद उतरल्याबिगर? वालूरला जायचं, देवाला जायचं, मंग उतरतीय. मामा, भाच्याच्या हातातनं वडून नेतासा का?”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग कमरेची पिशवी सोडून जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं काहीतरी माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं. उघडायची गरज नव्हती, वजनावरून कळलं.

“अप्पा म्हनायलेत, मोडकं लोखंड घरात नगं, गंगंत सोडा. गंगा तुमच्याच गावाला हाय. सोडा.”

“आत्या, हा दुरुस्त होऊ शकतो. खिळी नवी…”

“मी सोडा म्हनून सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “सोडलं का न्हाई, बगायला मी येनार हाय का?”

आणि हातातला पदर झटकून निघून गेल्या, कुणाला तरी ओरडत, की भात करपायलाय.

एसटीत खिडकीशी बसून मी सवयीने खिसा चाचपला. रिकामा. दर थोड्या वेळाने पुन्हा चाचपत राहिलो. गंगाखेडला उतरल्यावर आधी घाटावर गेलो, कारण थोरल्या माणसाने सांगितलेलं मोडायची मला धास्ती वाटते. पाण्यात पाय सोडून चिंधी उघडली. शिंगाच्या मुठीवर, चांदीच्या वेलीच्या खाली, खळगा होता. अंगठा जाऊन बसला. पाणी समोरून जात राहिलं आणि मी काही टाकलं नाही.

आता दिगंबरच्या लेथवर पितळी तारेची खिळी केली आहे. पातं धरतं, पण पातं ताणून धरणारी पाठीची कमान जीर्ण झाली आहे, आवाज अजून उठत नाही. चार वेळा उघडून पुन्हा जोडला. मधे दिगंबरच्या फोनवर आत्यांचा निरोप आला: हळद उतरली, लिंबू काढलं, तुमचं पितळंचं पुसून तेलात ठिवलंय, आता तरी झोपा. मी झोपलेलो नाही. पेटीतले बाकीचे चाकू एकेक काढून बघतो आणि यातला कुठला कुणाच्या घरून निघून आला असेल, कुणी त्याची वाट बघत असेल का, असले विचार येतात. पूर्वी येत नसत.

आत्या, हे कुणी तुम्हाला वाचून दाखवलं तर ऐका. ओळख ना पाळख अशा माणसाला तुम्ही माझा पाव्हणा म्हणालात, ते मला असंच ठेवून घ्यायचं नाही. तुमच्या घरी पुढचा नवरदेव पाटावर बसेल तेव्हा मी वालूरला येईन, बोलावलं नाही तरी येईन, आणि आवाज करणारा कलमतराश तुमच्या पायाशी जमिनीवर ठेवीन.