केकचा करपलेला तळ

मंडळी, रविवार म्हणून आज सकाळीच सासूबाईंच्या पद्धतीचा रव्याचा केक केला. त्या कुकरमध्ये वैनगंगेची रेती तापवून तो भाजायच्या आणि तळ हमखास करपायचा. "जळलेलं मले दे वो," म्हणत आमचे हे तोच आधी उचलायचे. मी रागवायची.

आज लेकीने पाठवलेल्या ओव्हनमध्ये केक सगळीकडून सोनेरी झाला. तिला व्हिडिओ कॉलवर दाखवला.

"मस्त ना आई! पण बाबाचा वाटा कुठी आहे?" ती हसत, सवयीने बोलून गेली. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं.

फोन ठेवला, कुकर काढला, रेती तापवली, त्यात दुसरा केक ठेवला. करपलेला मी खाईन. सोनेरी केक अख्खा उरला आहे. भंडाऱ्यात जवळपास कोणी आहात का?