औंढे, शून्य
चुलीवर पाणी तापताना धुराचा वास आला की करोनातली ती संध्याकाळ आठवते. औंढ्यात तेव्हा एकच रुग्ण होता, माझे वडील. ते तळेगावला दवाखान्यात होते. तालुक्याची गाववार यादी रोज मोबाईलवर यायची आणि आई ती माझ्याकडून वाचून घ्यायची. त्या दिवशी मी वाचलं, "औंढे, उपचार सुरू असलेले रुग्ण, शून्य." आईचा चेहरा उजळला. "म्हंजी बरं झालं त्ये. आता घरला येत्याल," म्हणत तिनं त्यांच्या अंघोळीला पाणी ठेवलं. दवाखान्याचा फोन मला दुपारीच आला होता. मी नुसती चुलीत लाकूड सारत राहिले. पाणी उकळायला लागलं तेव्हा आईनंच हळूच विचारलं, "दुपारी कुनाचा फोन आलता?" अजून माझा फोन वाजला की ती आधी माझ्या तोंडाकडं बघते.