गाळातला फोटो

कर्जतजवळ उल्हास नदीच्या काठाने मी रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन पाखरं टिपत फिरतो. तिथे म्हशी चारणारे एक काका नेहमी भेटतात. म्हशींशी ते अगदी हळू बोलतात, माणसांशी मात्र समोरचा पलीकडच्या काठावर असल्यासारखे. "दादा, त्यो बघा खंड्या! हालू नका!" असं ते मला मदत म्हणून ओरडतात आणि खंड्या उडून जातो. मग "लय भित्रं पाखरू हाय," म्हणून त्यालाच दोष देतात.

परवा एका बगळ्याच्या मागे जाताना मी गुडघ्यापर्यंत गाळात रुतलो. पाय निघेना. काका धावत आले. आधी त्यांनी माझ्या हातातला कॅमेरा अलगद घेऊन स्वतःच्या गळ्यात अडकवला. मी हात पुढे केला, तर ते चार पावलं मागे सरकले.

"काका, ओढा ना!"

"थांबा वो. आदी फोटू काडतो. सगल्यांचे तुमी काडता, तुमचा कोन काडनार?"

त्यांनी दोन काढले. मग म्हशीचं दावं टाकून मला बाहेर ओढलं.

घरी येऊन पाहिलं. वर्षभरात त्या दोनांतला एकच फोटो नीट आलाय, आणि त्यात मी चक्क हसतोय.